हळदीच्या चार बोटांचा कागद

पीळमेडू, कोइंबतूर
२६ ऑक्टोबर २०२३

दैवानै,

फोनवर तू बोलतेस आणि मी हो हो करतो, म्हणून लिहायला बसलो. पत्रात निदान तुला मधे बोलता येत नाही.

सोमवारी कारखान्यात आयुधपूजा झाली. सगळं नेहमीसारखंच. लेथ धुतले, रंध्यांना आणि पटाश्यांना चंदनकुंकू लावलं, चुरमुरे आणि काळ्या चण्याची उसळ वाटली. फाटकात कोहळा फोडला आणि दरवर्षीसारखी त्याच्यावरून एक स्कूटर घसरली. माझ्या अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी खाली बसायला नकार दिला, तेव्हा यंदा देवीला स्टुलावरूनच हात जोडले.

एक अडचण मात्र नवी होती. आमच्या ड्रॉइंगच्या खोलीत तमिळरसी म्हणून मुलगी आहे, तिशीची. नवरा नाही, आई आहे. तिने वर्षभर खपून पंपांची सगळी ड्रॉइंग एका ऑनलाइन फोल्डरात घातली. आता ओडिशात विहिरीच्या काठावर बसलेला आपला माणूस फोनवर ड्रॉइंग उघडतो आणि पंप बसवतो. पूर्वी कुरिअरची वाट बघत आठ दिवस चुना मळत बसायचा. फोल्डर चांगलं आहे, यात वाद नाही.

तर पूजेला आमचे मुदलाळी, कारखान्याचे मालक, म्हणाले, "मेस्त्री, हेही आता आपलं आयुधच झालं. पण देवीपुढे ठेवायचं काय? ते तर आभाळात कुठेतरी असतं."

मी म्हटलं, "किल्ली ठेवा."

त्या फोल्डरला तेरा अक्षरांची एक किल्ली आहे, आम्ही सगळे तीच वापरतो. तमिळरसीचं म्हणणं होतं की प्रत्येकाला वेगळी द्या, आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच उघडेल असं करा. तेव्हा मीच म्हटलं होतं, "एका घरात सात कुलपं कशाला पोरी?" मालक हसले आणि विषय तिथेच संपला. म्हणून आता एक जाड कागद घेतला, ओतकामाच्या लाकडी पॅटर्नवर मी नंबर रंगवतो त्याच ब्रशाने ती तेरा अक्षरं काढली, चारही कोपऱ्यांना हळदीची बोटं लावली आणि नारळाला टेकवून ठेवला. खरं सांगतो, माझं काम झाकलं जाऊ नये म्हणून नारळ जरा बाजूला सरकवला. दरवर्षीसारखा फोटो निघाला आणि मुदलाळींनी तो स्वतः शुभेच्छांबरोबर सगळ्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर पाठवला. दोनशे चौदा लोक आहेत म्हणे त्यात. तमिळरसी त्या दिवशी आईला घेऊन गावी गेली होती.

तुझ्यासाठी एक प्रत छापून घेतली, सोबत आहे. मी डावीकडून दुसरा, पोट आत घेतलेला.

तुझा अण्णा,
नाच्चिमुत्तु


करूर
६ नोव्हेंबर २०२३

अण्णा,

फोटो पोचला. पोट आत घेतल्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

देवाच्या फळीवर ठेवलाय, देवीचा आहे म्हणून, तुमचा म्हणून नाही. तुमचं अक्षर मात्र अजून तसंच आहे. तो हळदीचा कागद माझ्या या जुन्या चष्म्यातूनही अक्षर न् अक्षर वाचता येतो. मध्ये आकडे, शेवटी एक चांदणी. मला काही अर्थ लागला नाही, पण आपले बाबा असते तर शाळेत न जाता पोरगं असं लिहितं म्हणून गल्लीभर फिरले असते.

इकडचं काय सांगू. आमच्या चादरींच्या कारखान्यात चिन्नराज म्हणून माल पाठवणीचा कारकून आहे, पस्तीस वर्षांचा जुना. कुठल्या परदेशी गिऱ्हाइकाला निळ्याची कुठली छटा, शिवणीला किती टाके, हे सगळं त्याच्या कपाटात आणि उरलेलं डोक्यात. ऑफिसातली मुलं किती वेळा म्हणाली की कॉम्प्युटरवर सगळ्यांना दिसेल असं ठेवा. तो म्हणायचा, "सगळ्यांना दिसलं की सगळ्यांचं होतं." मलाही ते पटायचं. गेल्या गुरुवारी जेवता जेवता त्याच्या हातातला घास पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कपाटाची किल्ली त्याच्या करदोट्याला सापडली, पण कपाटातल्या खुणा त्याच्याशिवाय कुणाला उलगडेनात. तूत्तुक्कुडीच्या बंदरावर दोन कंटेनर थांबलेत. काल आम्ही तिघी इस्पितळात त्याच्या डोळ्यांपुढे निळ्या कापडाचे तुकडे धरत होतो, बरोबर असेल तर पापणी मिटा म्हणून. तो मिटायचा. मग रडायचा. मला ते बघवलं नाही, मी बाहेर जाऊन बसले.

तुम्ही मात्र आता पुरे करा. एक्केचाळीस वर्षं झाली.

तुमची,
दैवानै


पीळमेडू
२९ डिसेंबर २०२३

दैवानै,

चिन्नराजचं वाचून वाईट वाटलं. उत्तराला उशीर झाला. दिवाळी गेली, मग पाठ धरली, मग हे झालं.

पंधरवड्यापूर्वी ईरोडचा आमचा विक्रेता एक पंप घेऊन आला. लांबच्या कुठल्या नव्या कंपनीचा, आमच्यापेक्षा स्वस्त, आणि बाहेरून हुबेहूब आमचा. मुदलाळींनी मला बोलावलं, म्हणाले, "उघडा." मी उघडला. पंपाच्या पोटात जे पात्यांचं चाक फिरतं तेही आमचंच, मापाला माप. फक्त पात्यांच्या बुडाशी कोपरे धारदार होते.

आता हे तुला कधी सांगितलं नसेन. आमच्या ड्रॉइंगमध्ये तो कोपरा धारदारच काढलाय, पहिल्यापासून. तसा ओतला तर पातं वर्षभरात बुडाशी तडकतं. मोठ्या मुदलाळींच्या काळापासून मी लाकडी पॅटर्नला त्या कोपऱ्यात बोटाने मेण भरून गोलाई देतो. कुठे लिहिलेलं नाही, माझ्या बोटात आहे.

म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा आपला पंप फोडून केलेला नाही. फोडला असता तर गोलाई आली असती. हा ड्रॉइंगवरून केलाय." मोठ्या रुबाबात म्हणालो.

मुदलाळींनी एकदम तमिळरसीकडे बघितलं. फोल्डर तिने बनवलेलं, तीच सांभाळायची. ती म्हणाली, "साहेब, किल्ली एकच आहे आणि अकरा जणांकडे आहे." ते म्हणाले, "बाकीच्यांना ती धड वापरता येत नाही." त्याच संध्याकाळी तिला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत असं म्हणतात, पण चौकशी करणार कोण? फोल्डरही बंद केलं. ओडिशातला माणूस परत चुना मळतोय.

काय खरं, काय खोटं, देव जाणे. मुलगी तशी नव्हती. पण माणसाच्या पोटातलं कुणाला कळतं.

दमलो आहे. पोंगलनंतर सत्कार करायचा म्हणतात माझा. शाल द्यायची आहे त्यांना.

अण्णा


करूर
८ जानेवारी २०२४

अण्णा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "पोटातलं कुणाला कळतं" हे वाक्य तुमचं नाही. तुम्ही लाकडावर टिचकी मारून आतली गाठ सांगणारे. मुलीची बाजू घेऊन भांडला असतात तर मला नवल वाटलं नसतं. गप्प बसलात याचं वाटलं.

मग शनिवारी काय झालं ते सांगते. चिन्नराजचं कपाट शेवटी आम्ही फोल्डरात चढवलं. मलाही त्यात घेतलं, नमुने मी तपासते म्हणून. ऑफिसातल्या पोराने मला एका चिठ्ठीवर किल्ली लिहून दिली. माझी एकटीची. माझ्याने फक्त नमुन्यांचं पान उघडतं, दरांचं नाही. मी म्हटलं, "अरे, मी काय चोर आहे?" तो म्हणाला, "अक्का, चोर नाही म्हणूनच. उद्या काही झालं तर तुमच्यावर यायला नको." मग म्हणाला, "पाठ करा आणि फाडून टाका." मी तिथेच बसून शाळेतल्यासारखी पाठ केली. अक्षरं, मध्ये आकडे, शेवटी चांदणी.

फाडता फाडता हात थांबला. ही असली अक्षरं मी कुठेतरी बघितली होती.

घरी येऊन देवाच्या फळीवरचा फोटो उतरवला आणि खिडकीपाशी नेला. अण्णा, तेरा आहेत. मोजून तेरा.

दोनशे चौदा लोक म्हणाला होतात ना?

फोटो सोबत परत पाठवते आहे. माझ्या फळीवर तो ठेववत नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल म्हणून लिहिते. आलं नव्हतं ना?

दैवानै


पीळमेडू
२४ जानेवारी २०२४

दैवानै,

आलं होतं.

तो पंप उघडला त्याच दिवशी. सगळ्यांसमोर माझी हुशारी सांगून झाली, आणि हात धुताना तुझं नोव्हेंबरचं पत्र आठवलं. अक्षर न् अक्षर वाचता येतं म्हणालीस ते. नळ तसाच चालू राहिला. पलीकडे ती मुलगी आपला डबा आणि छत्री पिशवीत भरत होती. मला म्हणाली, "येते अय्या." मी मान हलवली.

मला तेव्हाच बोलता आलं असतं, पण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. मग पोंगल आला, सुट्ट्या आल्या. मग वाटलं, आता उशीर झालाय, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही हेही सांगावं लागेल. एकेक दिवस त्याच्यावर चढत गेला.

भीती कसली तेही लिहितो, तुझ्यापासून आता काय लपवायचं. नोकरी जाईल याची नव्हती. या वयात ती जायचीच आहे. एक्केचाळीस वर्षं मला त्या फाटकात सगळे मेस्त्री म्हणत आले. उद्यापासून म्हणतील, म्हातारा, त्याला काही कळत नाही, त्याच्यापासून वस्तू दूर ठेवा. घरात टीव्हीच्या रिमोटबद्दल सून असंच म्हणते. कारखाना तेवढा उरला होता. आणि खरी गोष्ट अशी की मला काही कळत नव्हतंच. रंधा देवीपुढे ठेवला तरी तो बघून कुणाला रंधा मारता येत नाही. मला वाटलं किल्लीचंही तसंच असेल. बघितल्याने काय होतंय.

तमिळरसीला दुसरीकडे कुठे घेत नाहीत असं ऐकलं. पीळमेडूत बातमी पंपापेक्षा लवकर पोचते.

सत्कार तीन तारखेला आहे. तो झाला की सांगतो.

अण्णा


करूर
२९ जानेवारी २०२४

अण्णा,

सत्कार झाल्यावर नाही. आधी.

ती शाल तुम्हाला टोचेल, मी तुम्हाला ओळखते.

त्या मुलीचं घर कुठे ते तुम्ही लिहिलेलं नाहीत. तिथे जाणार असाल तर लिहायची गरज नाही. नसाल तर पत्ता पाठवा, मी सकाळची गाडी धरून येते आणि तुमच्याकडचा फोटो नेऊन तिला दाखवते. चिन्नराजच्या पापण्या बघितल्यापासून मला एवढं समजलंय की सांगायची गोष्ट तोंड चालू आहे तोवर सांगावी.

चिडून लिहीत नाही. दमले आहे, एवढंच. जेवत जा वेळेवर.

दैवानै


पीळमेडू
१९ फेब्रुवारी २०२४

दैवानै,

सगळं उरकलं, म्हणून आता लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन मुदलाळींच्या खोलीत गेलो. टेबलावर ठेवला आणि कागदावर बोट ठेवलं. त्यांना आधी वाटलं सत्काराला मोठा करून लावायला आणलाय. मग त्यांनी चष्मा लावला. एकेक अक्षर ओठांतल्या ओठांत वाचलं.

मग म्हणाले, "हा फोटो पाठवला कुणी?"

"तुम्हीच, साहेब."

"हं." फोटो जवळ ओढून म्हणाले, "मी यात फक्त मलाच बघितलं होतं." मग उठून दार लावलं. "मेस्त्री, झालं ते झालं. दोनशे चौदातला कोण ते कधी कळायचं नाही. तुम्ही गप्प बसा, मीही बसतो. ती मुलगी काय, कुठेतरी लागेल."

"कुठेच लागत नाही."

"मग मी कुणाला तरी शब्द टाकतो."

मी म्हटलं, "साहेब, तिचं नाव आपण सगळ्यांसमोर घालवलं. परत द्यायचं तर तेही सगळ्यांसमोर द्यावं लागेल."

"आणि विक्रेते काय म्हणतील? किल्ली देवीला वाहिली म्हणून?"

"हसतील. हसू द्या. मी पुढे उभा राहतो, माझ्यावर हसतील."

ते हो म्हणाले नाहीत. चहाच्या सुट्टीला मी स्टुलावर चढलो. उगाच नव्हे, मागच्यांना ऐकू यावं म्हणून. आणि सांगून टाकलं. फाउंड्रीतला काळियप्पन, तू त्याला ओळखतेस, मोठ्याने म्हणाला, "म्हणजे मेस्त्री, देवीने किल्ली घेतली आणि फोल्डर उघडून बघितलं वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

मग बसने सिंगानल्लूरला गेलो. तिच्या आईने दार उघडलं आणि मला बघून परत लावायला लागली. तमिळरसी आतून म्हणाली, "येऊ दे अम्मा, मेस्त्री अय्या आहेत." मी फोटो दिला. सगळं सांगितलं, दीड महिना गप्प होतो तेही. ती फोटोकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं होतं, पण ती फक्त भिंतीला टेकून बसली.

"अय्या, वेगळ्या किल्ल्या द्या म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, एका घरात सात कुलपं कशाला."

"हो. चुकलो मी, पोरी."

"मला शिव्या दिल्या असत्यात तर सोपं गेलं असतं. तुम्ही नुसती मान हलवलीत."

तिच्या आईने कॉफी आणून ठेवली, माझ्याकडे न बघता. मी ती प्यायलो.

सत्कार मी पुढे ढकलायला लावला. ती आल्याशिवाय नाही म्हटलं. आठ दिवस मुदलाळी माझ्याशी बोलले नाहीत. मग एके सकाळी फलकावर चिठ्ठी लागली, त्यांच्या सहीची आणि शिक्क्याची, की ड्रॉइंग बाहेर गेली त्यात तमिळरसी यांचा दोष नाही, चूक व्यवस्थापनाची. माझं नाव त्यात नव्हतं. मी खाली पेन्सिलीने लिहिलं, "आणि नाच्चिमुत्तु मेस्त्रीची." ते अजून कुणी पुसलेलं नाही.

ती आठवड्यापूर्वी आली. अट घालून आली. फोल्डर परत चालू झालं, प्रत्येकाची किल्ली वेगळी, कुणी कधी काय उघडलं त्याची नोंद राहते, आणि कुणी काम सोडलं की किल्ली त्याच दिवशी बंद. ओडिशातल्या माणसाला फक्त त्याच्या पंपाचं पान. मुदलाळी कुरकुरले की सगळं बंदच ठेवलेलं बरं. तेव्हा मी तुमच्या चिन्नराजची गोष्ट सांगितली. निळ्या कापडाचे तुकडे आणि पापण्या. मग कुणी कुरकुरलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "अय्या, ती मेणाची गोलाई. ती ड्रॉइंगवर घ्यायची आहे."

मी म्हटलं, "तीच तर एक वाचली बाहेर जाण्यापासून. तेवढी राहू दे ना बोटात."

"आणि तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं? तुमचं बोट कापून ठेवायचं?"

अशी बोलते. दोन दिवस विचार केला. मग तिला पॅटर्नच्या ओट्यावर बसवलं, मेण दिलं आणि तिचं बोट धरून कोपऱ्यात फिरवलं. तिने माप घेतलं. चार मिलिमीटर. एक्केचाळीस वर्षं मला आकडा माहीत नव्हता. ते पान आता तिच्या आणि मुदलाळींच्याच किल्लीने उघडतं. मी मागितलं नाही. मला ते लागत नाही.

शाल मिळाली. टोचत नाही.

अण्णा


पीळमेडू
१४ ऑक्टोबर २०२४

दैवानै,

चिन्नराज गेल्याचं तुझ्या फोनवरून कळलं. तू त्याच्या घरी जाऊन बसलीस ते बरं केलंस. निळ्याच्या फायलीला तुम्ही त्याचं नाव दिलंत हे मला आवडलं.

शुक्रवारी आमची आयुधपूजा झाली. मी आता आठवड्यातून दोनच दिवस जातो, पण या दिवशी गेलो. लेथ धुतले, चंदनकुंकू झालं, कोहळा फुटला. यंदा स्कूटर घसरली नाही, सायकल घसरली. त्या स्वस्त पंपांची पाती बुडाशी तडकायला लागली आहेत असं ईरोडचा विक्रेता सांगत होता. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. शेतात पाणी थांबलं असेल कुणाच्या, एवढंच मनात आलं.

पूजा मांडताना काळियप्पन म्हणाला, "मेस्त्री, फोल्डरचं काय? यंदा देवीला किल्ली नाही?" सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तमिळरसी ताटात फुलं लावत होती, तिने वर बघितलं नाही.

मी खिशातून कागद काढला. घरूनच करून आणला होता. जाड कागद, चारही कोपऱ्यांना हळदीची बोटं. मध्ये काही नाही, कोरा. नारळाला टेकवला आणि आपली पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. आता तमिळरसीने बघितलं. नारळ थोडा सरकला होता, तो हाताने नीट केला आणि कागदावर एक शेवंती ठेवली.

फोटो काढताना मुदलाळींनी तिलाच विचारलं, "पाठवू का?" तिने फोन हातात घेतला, बोटांनी मोठा करून कोपरा न् कोपरा तपासला आणि म्हणाली, "पाठवा."

तुझ्या फळीवरची जागा जानेवारीपासून रिकामी आहे म्हणालीस, म्हणून एक प्रत सोबत पाठवतो. चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन बघ. यंदा वाचण्यासारखं त्यात काही नाही. मी डावीकडून शेवटचा. पोट आत घेतलेलं नाही.

तुझा अण्णा,
नाच्चिमुत्तु